पाकीट न फोडता

पोकेमॉनचं एक कार्ड हातात घेतलं की त्यावर वाचायला केवढं काही असतं! वर डावीकडे ते पात्र मूळ रूपातलं आहे की पुढच्या अवस्थेतलं, उजवीकडे त्याची ताकद, मध्ये चित्र, चित्राखाली एक-दोन हल्ले, प्रत्येक हल्ल्यासमोर रंगीत गोल, त्याखाली कमजोरी, प्रतिकार आणि माघार घ्यायची किंमत. अगदी तळाला भिंग लावून वाचावं इतक्या बारीक छपाईत एक इंग्रजी अक्षर, १२५/१९७ असा काहीतरी आकडा आणि त्याच्या शेजारी काळा गोल, चौकट किंवा चांदणी. माझ्या मुलाने या तळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "मम्मी, सगळा पैसा इथे आहे."

त्या वेळी मला यातलं काहीच कळलं नव्हतं. आज बरंचसं कळतं, तरी दर आठवड्याला एखादी नवी गोष्ट समोर येते आणि पुन्हा गोंधळायला होतं. पण पैशाची बाजू मात्र मला आता नीट दिसते. ती लिहून ठेवावी असं वाटलं, कारण ही कार्डं आता आमच्यासारख्या गावांतही घराघरांत पोचली आहेत, आणि घरचे लोक एकतर सरसकट नाही म्हणतात नाहीतर न बघता पैसे देतात.

आम्ही पुरुषोत्तमनगरला राहतो. शहाद्याजवळचं हे गाव सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलं. गावाला नाव कारखान्याचे संस्थापक पी. के. अण्णा पाटलांचं. यजमान कारखान्यात आहेत, मी शहाद्यात एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. कार्डांचं म्हणून असं दुकान आमच्याकडे नाही. स्टेशनरीच्या दुकानात माळेसारखी लटकवलेली असतात ती दहा-वीस रुपयांची पाकिटं. खरं पाकीट हवं असेल तर ऑनलाइन मागवायचं, नाहीतर सुरतेला किंवा नाशिकला जाणाऱ्या कुणाला तरी सांगायचं. त्याला चारशेच्या वर रुपये पडतात आणि आत खेळायची दहा कार्डं निघतात. सोबत एक साधं एनर्जी कार्ड आणि फोनवरच्या खेळासाठी एक कोड. सासूबाईंनी किंमत ऐकली आणि त्यांच्या अहिराणीत एवढंच विचारलं, "कागदना तुकडाले इतला पैसा?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचं उत्तर द्यायचं म्हणून मी खेळ शिकायला बसले.

खेळ असा आहे. प्रत्येकाकडे साठ कार्डांची गड्डी, तिला मुलं डेक म्हणतात. सात कार्डं हातात घ्यायची, सहा कार्डं न बघता बाजूला पालथी ठेवायची, ती बक्षिसाची. समोरच्याचं एक पात्र गारद केलं की आपल्या बक्षिसातलं एक उचलायचं, सहाही उचलली की डाव जिंकला. एक पात्र पुढे लढतं, मागे बाकावर पाच बसू शकतात. हल्ल्यासाठी लागणारी एनर्जी एका पाळीत एकच जोडता येते. जो पहिला सुरुवात करतो त्याला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही. आगीचं पात्र आहे, पाण्याने मारलं तर मार दुप्पट. इथपर्यंत मी आले. मग 'ट्रेनर' नावाची कार्डं आली. त्यांत आयटम कितीही खेळायचे, सपोर्टर मात्र एका पाळीत एकच, आणि स्टेडियम दोघांनाही लागू. माझा तिथे पार गोंधळ उडाला. मुलगा शांतपणे पुन्हा पुन्हा समजावत राहिला. तो मला इतका धीराने शिकवू शकतो हे मला या खेळामुळे कळलं, हेही मी जमेच्या बाजूला लिहिलं आहे.

एक नियम मात्र ऐकताक्षणी माझ्यातल्या हिशेबनीसाने पकडला. साध्या एनर्जीखेरीज एकाच नावाची जास्तीत जास्त चार कार्डं डेकमध्ये ठेवता येतात. मग चारच का ठेवतात सगळे? एक ठेवून चालणार नाही का? साठ कार्डांत एखादं कार्ड एकच असेल तर पहिल्या सात कार्डांत ते येण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. दोन असतील तर २२ टक्के. चार असतील तर ४० टक्के. शिवाय ते एकुलतं कार्ड बक्षिसाच्या सहात अडकून पडण्याची शक्यता १० टक्के. म्हणजे चांगला डेक हवा तर एकेक महत्त्वाचं कार्ड चार-चार वेळा हवं. आणि पाकीट फोडून एकच कार्ड चार वेळा मिळवायचं, हा खर्चाचा खरा खड्डा आहे.

तो खड्डा किती खोल, ते मी एका रात्री कागदावर मांडलं. समजा शंभर वेगवेगळी कार्डं आहेत, सगळी सारख्याच प्रमाणात छापलेली, आणि न बघता एकेक विकत घ्यायची आहेत. पहिली पन्नास वेगवेगळी जमायला सरासरी एकोणसत्तर कार्डं घ्यावी लागतात. तेवढं ठीक वाटतं. पण पूर्ण शंभर जमवायला सरासरी ५१९ लागतात! शेवटचं एक उरलेलं कार्ड मिळायलाच सरासरी शंभर. प्रत्यक्षात तर सगळी कार्डं सारख्या प्रमाणात नसतातच. तळाचा गोल म्हणजे भरपूर मिळणारं, चौकट म्हणजे थोडं कमी, चांदणी म्हणजे दुर्मीळ, आणि त्याच्या पुढे दोन चांदण्या, सोनेरी चांदण्या असा वर चढत जाणारा जिना. एखादं कार्ड शंभरातल्या एका पाकिटात निघत असेल आणि शंभर जणांनी प्रत्येकी शंभर-शंभर पाकिटं फोडली, तरी त्यांतल्या साधारण सदतीस जणांना ते मिळणार नाही. हे आमच्या कॉलनीतल्या मुलांना सांगितलं तेव्हा त्यांना खोटं वाटलं. म्हणून आम्ही शंभर चिठ्ठ्या केल्या, एकीवर खूण केली आणि उचलून, परत टाकून, पुन्हा उचलून बघितलं. त्यानंतर पोरांनी 'पुढच्या पाकिटात नक्की' हे म्हणणं सोडलं.

एका पूर्ण खोक्यात छत्तीस पाकिटं येतात. आमच्या दराने त्याचे सोळा हजारांवर रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरवली आहे. म्हणजे एक खोकं हे साडेचार टन उसाचं झालं, आणि तेही तोडणी-वाहतूक न कापता. यजमानांना मी हा हिशेब असाच सांगितला, कारण आमच्या गावात पैसा खरा कळतो तो टनात.

कार्डांचा शौक आपल्याकडे नवा नाही. सावंतवाडीची गंजिफा आजही हाताने रंगवली जाते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं. तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही मरू घातलेली कला राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. तो संच महाग असतो, पण घेतला की पूर्ण घेतला. पत्त्यांचा कॅट घेतला तर बावन्न पानं, त्यात काही राखून ठेवलेलं नाही. विकत घेणाऱ्याला आत काय आहे हेच माहीत नाही आणि प्रत्येक खेळाडूची गड्डी वेगळी, हा प्रकार खेळाच्या रूपात आणला तो रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने, १९९३ साली, 'मॅजिक: द गॅदरिंग' मधून. पोकेमॉनची कार्डं त्यानंतर तीन वर्षांनी जपानमध्ये आली, आणि १९९९ मध्ये इंग्रजीत आणली ती मॅजिकच्याच कंपनीने, विझार्ड्‌स ऑफ द कोस्टने. आमच्या लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड होते. उंची किती, वजन किती, ज्याचा आकडा मोठा त्याने पान घ्यायचं. तिथेही गड्डी पूर्णच मिळायची.

मला हे सगळं वाचताना जाणवलं की इथे दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. एक आहे खेळ, आणि दुसरं आहे पाकीट फोडण्याचं सुख. खेळ फार सुंदर आहे. त्यात आठवण लागते, अंदाज लागतो, हरल्यावर पुन्हा डेक जुळवायची चिकाटी लागते. आणि खेळ स्वस्त आहे. महाग आहे ते पाकीट. ही दोन्ही एकमेकांपासून सोडवली की घरचा हिशेब बसतो. माझं सगळं म्हणणं यातच आलं; पुढे लिहिते ती फक्त ते आम्ही कसं केलं याची हकिगत.

आधी त्या दहा रुपयांच्या पाकिटांबद्दल, कारण कॉलनीतल्या प्रत्येक घरात तीच होती. ती नकली असतात. पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट, अक्षरं जाड, ताकदीचे आकडे वाट्टेल ते, कुठे हल्ल्याचं नावच चुकलेलं, आणि सगळं कार्ड वरपासून खालपर्यंत चकाकणारं. सोनेरी प्लास्टिकची कार्डंही त्यातलीच. खऱ्या कार्डाच्या पुठ्ठ्यात मधोमध एक काळसर थर असतो, त्यामुळे मागून मोबाइलचा टॉर्च लावला तर उजेड फारसा आरपार येत नाही. नकली कार्ड लख्ख उजळतं. एक खात्रीचं कार्ड शेजारी धरून बघितलं तर पोरांना फरक लगेच कळतो. पण ही नकली कार्डं मी फेकू दिली नाहीत. त्यांच्यावर सात-आठ वर्षांच्या मुलांचा जीव होता, आणि त्यांचा एक चांगला उपयोग निघाला, तो पुढे येईलच.

मग सुटी कार्डं. ज्यांना फक्त दुर्मीळ कार्डांचा नाद आहे अशी शहरातली मंडळी खोकीच्या खोकी फोडतात, आणि गोल-चौकटीची कार्डं त्यांच्याकडे ढिगाने उरतात. ती ते विकतात. काही सुटी, काही शेकड्यावर. हवं ते कार्ड नाव सांगून, क्रमांक सांगून मागवता येतं. आम्हाला लागलेली बहुतेक कार्डं पाच-दहा रुपयांना एक अशी मिळाली. टपालखर्च मात्र एका कार्डालाही तेवढाच आणि दीडशेलाही जवळपास तेवढाच, म्हणून सगळ्यांची मिळून एकच यादी करायची.

यादीत आधी काय लिहायचं, इथे मी बरीच भांबावले होते. प्रत्येक पोराला आपापलं आवडतं पात्र हवं होतं. मुलाने मला एक गोष्ट दाखवली ती फार कामाची निघाली. पात्रं बदलतात, पण काही ट्रेनर कार्डं जवळजवळ कुठल्याही डेकमध्ये चालतात. 'नेस्ट बॉल' ने गड्डीतून एक मूळ पात्र शोधून थेट बाकावर बसवता येतं. 'अल्ट्रा बॉल' ने हातातली दोन कार्डं टाकून कुठलंही पात्र हातात घेता येतं. 'रेअर कँडी' असली की मधली अवस्था ओलांडून तिसऱ्या रूपावर उडी मारता येते. 'प्रोफेसर्स रिसर्च' मध्ये हातातलं सगळं टाकायचं आणि नवी सात घ्यायची. 'बॉसेस ऑर्डर्स' ने समोरच्याच्या बाकावरचं नाजूक पात्र पुढे ओढून आणता येतं. ही कार्डं चार-चार घेतली की पुढची कित्येक वर्षं डेक बदलला तरी खर्च फक्त पात्रांचा.

आणि पात्रांतही एक मोठी मेख आहे. २०२३ च्या 'ऑब्सिडियन फ्लेम्स' या संचात चारिझार्ड ईएक्स हे पात्र चार वेळा आहे, क्रमांक १२५, २१५, २२३ आणि २२८. संच १९७ चा, म्हणजे पुढचे तिन्ही क्रमांक संचाच्या मोजणीच्या बाहेरचे; ज्या कार्डाचा वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा ते मुद्दाम दुर्मीळ छापलेलं. चित्रं वेगळी, एक सोनेरी, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पण चारही कार्डांवर ताकद तीच, हल्ला तोच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पटावर चारही सारखीच लढतात. मला हे कळलं तेव्हा मी मुलाला तीनदा विचारलं, खरंच काही फरक नाही? नाही म्हणाला. मग आम्हाला क्रमांक १२५ पुरे. ज्याला चित्राचा शौक आहे त्याने चित्र म्हणून घ्यावं, त्यात वावगं काही नाही. पण ते खेळण्यासाठी लागतं असं पोरांना वाटू देऊ नये.

ते तळाचं इंग्रजी अक्षरही पैशाचंच आहे. अधिकृत स्पर्धांत ठरावीक अक्षरांचीच कार्डं चालतात आणि ठरावीक काळाने जुनी बाद होतात. एप्रिल २०२५ मध्ये एफ अक्षराची बाद झाली. तेच कार्ड नव्या अक्षराने पुन्हा छापलं गेलं असेल तर जुनंही चालतं, आणि साध्या एनर्जी कार्डांना हा नियमच नाही. मोठ्या शहरात स्पर्धा खेळणाऱ्याला हे पाळावं लागतं. आम्हाला अंगणात खेळायचं आहे. बाद झालेली कार्डं बाजारात स्वस्त होतात, ती आमच्या पथ्यावर पडली.

आता आमच्या सामाईक पेटीबद्दल. हे मी सगळ्यात आनंदाने लिहिते.

कॉलनीत खेळणारी आठ-दहा मुलं. प्रत्येकाला चार नेस्ट बॉल म्हटलं तर चाळीस लागतील. पण ओट्यावर एका वेळी दोनच डाव मांडले जातात, म्हणजे खेळात डेक चारच असतात आणि नेस्ट बॉल सोळा पुरतात. मग प्रत्येक घराने वेगळं का घ्यायचं? साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या घरात आजोबा-वडील सभासद आहेत, भाग म्हणजे काय ते त्यांनी ऐकलेलं आहे. त्यांनीच नाव ठेवलं 'सोसायटी'. भाग-भांडवल म्हणून कुणी पन्नास रुपये दिले, कुणी आपली खरी कार्डं दिली. आवडतं कार्ड घरी ठेवायला मुभा आहे, पण एकदा पेटीत टाकलं की ते सोसायटीचं. मी बुटांच्या खोक्यांत पुठ्ठ्याचे कप्पे करून दिले आणि एक वही घातली. शनिवारी ज्याला डेक जुळवायचा त्याने साठ कार्डं वहीत लिहून घ्यायची, पुढच्या शनिवारी परत. नवीन काय मागवायचं ते हात वर करून ठरतं. जो सगळ्यात लहान, त्याचंही मत एक.

पेटी झाली आणि अदलाबदलीतली भांडणं संपली. त्याआधी मोठी मुलं लहानांकडून चांदणीचं कार्ड घेऊन बदल्यात तीन चकाकणारी नकली द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी आया आमच्या दारात. पेटीतल्या कार्डांची अदलाबदल करायचीच नसते, त्यामुळे फसवायला काही उरलं नाही.

दुसरा एक नियम आम्ही मॅजिकवाल्यांकडून उचलला. त्यांच्यात 'पॉपर' नावाचा एक प्रकार आहे; फक्त साध्या, सर्रास मिळणाऱ्या कार्डांचे डेक करायचे. जगभर खेळतात आणि २०१९ पासून कागदी कार्डांच्या खेळातही कंपनीची त्याला मान्यता आहे. आम्ही ठरवलं, दर दुसऱ्या शनिवारी फक्त गोल आणि चौकट. चांदणी घरी. या डावात पात्रं एका फटक्यात गारद होत नाहीत. ईएक्स म्हणजे चांदणीचं, जास्त ताकदीचं पात्र; ते पडलं की समोरचा एकदम दोन बक्षिसं उचलतो. साध्या डावात एकेकासाठी झुंजावं लागतं, डाव लांबतो आणि अगदी शेवटच्या कार्डापर्यंत कोण जिंकेल सांगता येत नाही. मुलांना आता हाच डाव जास्त आवडतो. मलाही, कारण यात मी कधीमधी जिंकते.

पेटीमुळे एक गोष्ट झाली जिचा हिशेब वहीत मांडता येत नाही. हंगामात कारखान्यावर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आई-बापांबरोबर आलेली मुलं खोप्यांत राहतात, दिवसभर धाकट्या भावंडांना सांभाळतात. ती पोरं ओट्याच्या कडेला उभी राहून बघायची. चारशेचं पाकीट ही त्यांच्यासाठी बोलायचीही गोष्ट नाही. पण पेटीतून डेक घ्यायला पाकीट लागत नाही, आणि सोसायटीने ठरवलं की हंगामी सभासदाला भाग माफ. त्यांतली एक मुलगी, असेल दहा-अकरा वर्षांची, इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रावरून कार्ड ओळखायची आणि कुठल्या कार्डाने काय होतं ते एकदा ऐकलं की तिच्या पक्कं लक्षात राहायचं. समोरच्याच्या टाकलेल्या कार्डांवरून त्याच्या गड्डीत आता काय उरलं आहे हे ती बोटांवर मोजायची. आमच्या मुलांना ते जमत नाही, मला तर नाहीच.

तिच्यासारख्यांसाठी चिठ्ठ्यांचं काम सुरू झालं. कार्डाच्या मापाच्या कागदावर हल्ल्याचं वर्णन मराठीत लिहायचं, वर एक छोटं चित्र, आणि पारदर्शक पिशवीत मागे ताठपणासाठी ते नकली कार्ड घालायचं. नकली कार्डं अशी कामाला आली. जे कार्ड आमच्याकडे नाही तेही असंच लिहून खेळता येतं. अधिकृत स्पर्धेत असं कार्ड चालत नाही; घरी सगळ्यांना ठाऊक असलं की झालं. यात आणखी एक फायदा असा की, एखादं कार्ड विकत घ्यायच्या आधी ते चिठ्ठीवर खेळून बघता येतं. कित्येक कार्डं अशी खेळल्यावर मुलांनी स्वतःहून यादीतून काढली.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि टोळ्या परत निघाल्या. सोसायटीने त्या मुलीला एक पूर्ण डेक द्यायचं ठरवलं. साठही खरी कार्डं, गोल आणि चौकटीची, तिने स्वतः निवडलेली. वहीत किंमत मांडली तर ती एका नव्या पाकिटाहून कमी भरली.

राहिला वरचा खर्च, तो थोडक्यात. पारदर्शक पिशव्यांना मुलं स्लीव्हज म्हणतात. कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, मॅजिकचंही तेवढंच, त्यामुळे त्या मापाच्या सगळ्या चालतात. सगळ्यात साध्या घ्याव्यात, फक्त एका डेकला सगळ्या एकसारख्या हव्यात, नाहीतर पाठीवरून कार्ड ओळखू येतं. रबरबँड लावू नये, कडा दबतात. पावसाळ्यात चकाकणारी कार्डं वळतात, कारण कागद ओल धरतो आणि वरचा चकाकता थर धरत नाही. बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी पेटीत टाकली की बरंच थांबतं. मार मोजायला विकतचे फासे नकोत, चिंचोके आहेत. दहाचा मार म्हणजे एक चिंचोका, आणि पन्नासाला एक सागरगोटा. काही कार्डांवर नाणेफेक असते, तिला रुपयाचं नाणं. कुणीतरी कवडी आणली होती, पण कवडी दोन्ही बाजूंनी सारखी पडत नाही म्हणून सोसायटीने ती नामंजूर केली.

आणि पाकिटातल्या त्या कोडचं. 'पोकेमॉन टीसीजी लाइव्ह' हा फोनवरचा खेळ फुकट आहे, २०२३ मध्ये तो अधिकृतपणे सुरू झाला. शिकायला उत्तम आहे, नियम तोच सांभाळतो. मी सपोर्टर आणि आयटममधला फरक शेवटी तिथेच शिकले. पोरांना मात्र आम्ही तो मोजूनच देतो. समोर माणूस बसलेला असताना हरणं आणि हरल्यावर त्याच्याशी बोलणं, हे फोनवर होत नाही.

पाकीट अजिबात फोडायचंच नाही, असं मी म्हणत नाही. ते फोडतानाचा धडधडणारा क्षण खरा आहे, मी तो अनुभवला आहे, आणि मुलांच्या वाट्याला तो यावा असं मला वाटतं. म्हणून दिवाळीला सोसायटीच्या पैशातून एक पाकीट आणायचा ठराव झाला. सगळी मुलं ओट्यावर गोल करून बसली, सगळ्यात धाकट्याने फोडलं. आत दोन चांदण्यांचं, पूर्ण कार्डभर चित्र असलेलं एक पात्र निघालं. आठवडाभर ते घरोघरी फिरलं, प्रत्येकाने एकेक रात्र आपल्या उशाशी ठेवलं. मग प्रश्न आला, ठेवायचं की विकायचं. मोठा वाद झाला. ठेवणाऱ्यांचं म्हणणं, ते आपलं पहिलं आहे. विकणाऱ्यांचं म्हणणं, त्याची साधी आवृत्ती दहा रुपयांत येते आणि डावात तेवढंच काम करते. दोन मतांनी विकायचं ठरलं. सुरतेच्या एका संग्राहकाने घेतलं, पाकिटाचे पैसे निघून वर काही उरले.

त्यातून चार रेअर कँडी, दोन बॉसेस ऑर्डर्स आणि ज्या पात्राचं कार्ड विकलं त्याच्या साध्या आवृत्तीची दोन कार्डं मागवली आहेत. उरलेल्या रकमेवर अजून एकमत नाही. पोरांपैकी निम्म्यांना दुसरं पाकीट हवं आहे, निम्म्यांना हंगामी सभासदांसाठी आणखी एक डेक बांधायचा आहे. टोळ्या यायला लागल्या आहेत, त्यामुळे या शनिवारी मतदान घ्यावंच लागेल.